तीन वाट्यांची इमारत

१९९१ साली बदलापुरातल्या आमच्या इमारतीला फिट आली. माणसाला येते तशीच. कोणाचा विश्वास बसत नाही, पण मी सांगते ना! मी कुंदा, पहिल्या मजल्यावरची, आणि त्या फिटमध्ये माझाही हात होता.

दोष सगळा दिनानाथकाकांचा. दुसऱ्या मजल्यावरचे हे काका अंबरनाथच्या एका कारखान्यातून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या बायकोला, सुनंदाकाकूंना, जुना मधुमेह. तळपायांच्या चेतापेशी पार कामातून गेलेल्या. एकदा पायात घुसलेली टाचणी घेऊन बाई दोन दिवस घरभर फिरत होत्या. डॉक्टरांनी बजावलं, आणखी एक जखम झाली तर पाय काढावा लागेल. तेव्हापासून काका रोज संध्याकाळी चष्मा लावून त्यांचे तळवे तपासायचे, त्यांच्या अंघोळीच्या पाण्यात आधी स्वतः हात घालून बघायचे, आणि उरलेल्या वेळात चेतापेशींवरचं पुस्तक वाचायचे. बायकोच्या पेशी काही दुरुस्त होईनात. मग त्यांनी इमारत हाती घेतली.

निमित्त पाण्याचं झालं. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, आणि आलं तर वीस मिनिटं. तेवढ्यात पंप लावून गच्चीवरची टाकी भरायची. नळ तळमजल्यावर सखूच्या दाराशी, आणि पंपाची किल्ली तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी गुरुदत्तकडे. तो किल्ली खाली ठेवायला तयार नाही. खालून हाक मारली तर त्याच्या रेडिओपुढे ऐकू जात नाही.

"ही इमारत म्हणजे एक चेतासंस्था आहे," काकांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं. "सखूबाई संवेदी चेतापेशी. पाणी आलं हे त्यांना कळणार. कुंदाताई आणि आमची ही, दोघी सहयोगी चेतापेशी. निरोप पुढे न्यायचा. गुरुदत्त प्रेरक चेतापेशी. तो कृती करणार."

"आणि हात हलवत जायचं का नुसतं?" मी विचारलं.

काकांना हेच हवं होतं. म्हणाले, दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये बारीकशी फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, दुसरी ते टिपते आणि पेटून उठते. आपली फट म्हणजे जिना, आणि रसायन म्हणजे साखर. भरलेली वाटी दारात आली, की आपली वाटी भरून वर धाडायची. एवढाच नियम. वर म्हणाले, "अक्षतंतूवर, म्हणजे चेतापेशीच्या लांब शेपटीवर, चरबीचं वेष्टण असलं की निरोप जोरात धावतो. त्या दृष्टीने कुंदाताईंची निवड उत्तम आहे." काकू तोंडाला पदर लावून हसल्या. मी आठ दिवस काकांशी बोलले नाही.

काकांनी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जाऊन स्टीलच्या तीन वाट्या घेतल्या आणि त्यांवर नावं घालून आणली. एकीवर 'संवेदी', उरलेल्या दोन्हींवर 'सहयोगी'. दुकानदार सिंधी होता. त्याने काकांना विचारलं म्हणे, "साईं, एक ही नाम की दो बहुएँ?"

पहिल्या दिवशी सगळं झकास झालं. सखूची साखर माझ्याकडे आली, माझी काकूंकडे, काकूंची गुरुदत्तकडे. पंप लागला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग वाट्या परत करायची वेळ आली. पुस्तकात लिहिलेलं की रसायन संपलं की फट रिकामी व्हायला हवी. पण शेजारणीची वाटी कोणी रिकामी परत करतं का हो? गुरुदत्तच्या आईने काकूंच्या वाटीत चिवडा घातला. काकूंनी माझ्या वाटीत दोन शंकरपाळे जास्तच घातले. आता भरलेली वाटी दारात आली म्हणजे पाणी आलं! मी परत साखर घेऊन वर. काकू परत गुरुदत्तकडे. पंप परत चालू. परत वाट्या खाली, लाडू घेऊन. असं अकरा वेळा झालं. कोरड्या नळावर पंप घुमत राहिला आणि बाराव्या वेळी त्यातून धूर निघाला.

"फिट!" काका जिन्यात ओरडले. "इमारतीला फिट आलीय! वाट्या रिकाम्या परत करा!"

"रिकामी वाटी कशी देव गो बाय कोनाच्या दारान?" सखूने मलाच विचारलं. ती जवळच्या सोनिवली गावची, बोली तिकडची. "मना नाय जमाचा." मलाही जमणार नव्हतं. शेवटी पंप दुरुस्त झाला आणि भरलेली वाटी परत आली तर ती निरोप धरायची नाही, असं ठरलं.

पंधरा दिवसांनी, दुपारी, सखूची वाटी आली. काका काकूंच्या गोळ्या आणायला अंबरनाथला गेले होते. मी माझ्या वाटीत साखर घेऊन वर गेले. दार उघडंच होतं. काकू खुर्चीत मेथी निवडत बसल्या होत्या, पाय पाण्याच्या टबात. टबातून वाफा येत होत्या.

"ये गं," त्या म्हणाल्या. "आज म्हटलं, यांच्यासाठी कशाला थांबायचं? माझं मीच पाणी काढलं."

मी पाण्यात बोट घातलं आणि किंचाळायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. त्यांचे पाय कसेबसे बाहेर ओढले. लालभडक झाले होते. साखर सगळी फरशीवर सांडली. मदत आणायला म्हणून धावले, तर पाय चुकीच्या दिशेला पळाले, वर गुरुदत्तकडे जायच्याऐवजी खाली. सखूच्या दारात उभी राहून मी हातातली वाटी पुढे केली. रिकामी.

सखूचा चेहराच उतरला. "कोन गेला गो?" म्हणत तिने जिन्यात अशी बोंब ठोकली, की रेडिओ बंद करून गुरुदत्त किल्लीसकट खाली धावला. मिनिटभरात अख्खी इमारत काकूंच्या दारात. कोणी गार पाणी ओततंय, कोणी रिक्षा आणायला पळतंय. मोरीत नळाचं पाणी वाहून गेलं, त्याची कोणाला शुद्ध नव्हती.

डॉक्टर नंतर म्हणाले, अजून पाच मिनिटं गेली असती तर पाय वाचले नसते. पण ते नंतर. त्या वेळी सखू काकूंचे पाय मांडीवर घेऊन फुंकर घालत होती आणि मोठमोठ्याने रडत होती. गुरुदत्तची आई रडत होती. मीसुद्धा, आवाज परत आल्यावर, लहान पोरीसारखी रडले.

काकूंच्या हातात अजून मेथीची काडी होती. त्यांनी आमच्या एकेकीकडे नीट पाहिलं. मग आपल्या पायांकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "एवढं दुखतंय का गं मला?"