ओले बोल्ट, कोरडे बोल्ट

बाबांनी जन्मभर नन्नाचा पाढा वाचला. गिऱ्हाईक दुरुस्तीच्या शेडच्या दारात उभं राहायचा अवकाश, की "जमणार नाही, पुढच्या महिन्यात या." आणि तेच काम संध्याकाळपर्यंत करून ठेवायचे. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची सगळी भाषा नेली आणि मागे एकच शब्द ठेवला, तोही नेमका 'हो'. मानसुद्धा त्या शब्दामागेच डोलायची. नशिबाने थट्टा करावी ती किती!

आजोबांच्या काळातला ट्रॅक्टर बाबांनीच झटक्याआधी खोलून ठेवला होता. आता लेक तो जोडत होती. त्याचा आवाज एकदा बाबांच्या कानावर पडावा, एवढंच तिला हवं होतं. डॉक्टर हल्ली पुढचं काही बोलायचं टाळत, म्हणून घाई.

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, बसवायची वेळ आली. या इंजिनाचे काही बोल्ट थेट पाण्याच्या पोकळीत उतरतात. बाबा त्यांना 'ओले' म्हणत. त्यांच्या आट्यांना सीलंट फासलं नाही, तर पाणी आट्यांवरून वर चढतं. बाकीचे कोरडे, त्यांना तेलाचा नुसता हात पुरतो. कुठला ओला, कुठला कोरडा, हे फक्त बाबांना ठाऊक.

तिने प्रत्येक भोकात तार घातली. आरपार गेली तर ओला, अडली तर कोरडा. कोपऱ्यातल्या भोकात तार अडली.

"बाबा, हा कोरडाच ना?"

"हो."

"नक्की?"

"हो! हो! हो!" ते डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवायला लागले.

"कळलं हो, किती ओरडाल!" ती हसली. "तुम्ही आणि एवढे होकार!"

तिने तेल लावून बोल्ट आवळला.

इंजिन धडधडलं तेव्हा बाबांचे डोळे भरून आले, तिचेही. मग कोपऱ्यातल्या बोल्टच्या डोक्याभोवती पाणी जमलं आणि ओघळून खाली आलं. भोकाचा तळ जुन्या गंजाने बुजला होता. तार अडली ती गंजाला; बोल्ट आवळताना तोच गंज फुटला.

तिने इंजिन बंद केलं. बाबा तिच्याकडे बघत होते. रागाने नाही, थकून.

"तुम्ही नाही म्हणत होतात?"

"हो."

हाही 'हो' कुठला धरायचा, तिला कळेना. बोल्ट काय, काढून सीलंट लावून पुन्हा बसवता येईल. पण इतके महिने ती रोज विचारत होती. झोप लागली ना? गोळीने बरं वाटलं ना? आणि ते 'हो' म्हणाले की निर्धास्त होऊन कामाला लागत होती.

हात तसेच तेलकट, ती त्यांच्या पायाशी बसली.

"बाबा, दुखतंय का?"

"हो."

"नाही ना दुखत?"

त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"हो," ते म्हणाले.