जनीची एकटीची सही

ओदील ही फ्रेंच म्हातारी जनीच्या माडीवर भाड्याने आली आणि जनीचं मन काही थाऱ्यावर राहिलं नाही.

पाहुणी आणली पुतणीने, पूर्वीने. ती कॉलेजात फ्रेंच शिकत होती, तिला केवढं कौतुक! ओदीलने तरुणपणी छापखान्यात सरकारविरोधी पत्रकं छापली, दोनदा तुरुंगवास भोगला, जन्मात कधी मत दिलं नाही. माणसांना मालक नको, पुढारी नको, आपसांत बोलून सगळं चालवता येतं, अशी पुस्तकं लिहिली. जनीने त्यातलं ‘तुरुंग’ तेवढं नीट ऐकलं.

“चोरी केली आसंल,” ती म्हणाली.

“काकी, विचारांसाठी गेली होती ती.”

“इचारांसाठी कोन तुरुंगात जातं?”

जनी तीस वर्षं पनवेलच्या मासळी बाजारात बसते. तिथे अठरा बायका. दाराजवळच्या ओट्यावर गिऱ्हाईक जास्त, म्हणून तो रोज पाळीपाळीने एकीला. काही ठरवायचं तर अठराजणींनी हो म्हणायचं. एक जरी नाय म्हणाली की विषय संपला. हे बघून ओदील हरखली. रोज येऊन बसायची, वहीत लिहायची. पहिल्याच दिवशी तिने पूर्वीकडून विचारलं, “तुमची पुढारी कोण?”

“कोनच नाय,” शेजारच्या ओट्यावरची गोदूबाई हसून म्हणाली.

जनी हसली नाही. बाजार पाडून इमारत बांधायला निघालेल्या बिल्डरचा माणूस, भावेश, हाच प्रश्न विचारत फिरत होता. म्हणजे इथे नक्की पाणी मुरत होतं. दोघं एकाच माळेचे मणी!

वर ओदीलचा सल्ला काय, तर पुढारी नेमूच नका. एकीला फोडणं सोपं, अठराजणींना फोडणं कठीण.

“बगितलं?” जनी पूर्वीला म्हणाली. “आमच्या वतीनं बोलनारं कोन नसलं की हिच्या मानसांचं फावलं.”

पूर्वीने कपाळावर हात मारला. पण जनीला आता सगळं लख्ख कळलं होतं, निदान तिला तसं वाटत होतं. ओदीलचा डाव उलटवायचा तर बाजाराच्या वतीने आपणच बोलायचं, म्हणून ती कोणाला न सांगता थेट भावेशच्या ऑफिसात गेली. त्याने खुर्ची दिली, सोडा दिला.

“जनीताई, बरं झालं तुम्ही पुढे आलात. ती परदेशी बाई तुमचे ओटे घालवेल. ओटे राहतील असं आम्ही लेखी देतो.”

जनी सुखावली. तीन महिने ओदीलच्या वहीवर डोळा ठेवणाऱ्या या बाईने समोरचा कागद मात्र कोणाकडून वाचून घेतला नाही. ठसठशीत सही केली.

पाचव्या दिवशी सकाळी बाजाराच्या दारात जेसीबी उभा राहिला. बायका पाट्या टाकून वाटेत आडव्या बसल्या. त्यांच्यात ओदीलही बसली, पूर्वीही. भावेशने कागद वर धरला.

“तुमच्या पुढारी बाईंची संमती आहे. आता एकेकीला विचारायचं कारण नाही. नव्या इमारतीत आठ ओटे मिळतील. कोणत्या आठजणींना, ते जनीताईच ठरवतील.”

गोदूबाई उठून जनीसमोर आली. “जने, तुला पुढारी कोनी केली?”

“मला वाटलं, ही...” जनीने ओदीलकडे बोट केलं.

तिकडे कोणीच बघितलं नाही. सगळ्याजणी जनीकडेच बघत होत्या.