‘कट्’ आणि ‘ठाण्’च्या मध्ये

मी एक जुनं पिस्तूल आहे. मित्रांनो, बाकाखाली जाऊ नका. माझी नळी पुढून बंद आहे आणि माझ्या काडतुसात गोळी नसते, नुसती दारू आणि आवाज. आजवर मी कोणाला मारलेलं नाही, फक्त पळवलं आहे. घाटंजीजवळच्या एका आश्रमशाळेत मी शर्यती सुरू करून देतो.

आमच्या घराण्याचा चेहरा शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका लष्करी पिस्तुलावरून घेतलेला आहे, त्यामुळे दिसायला मी फार शूर आहे. मी घराण्यातली लोखंडी आवृत्ती. माझ्यानंतर हलक्या धातूची आवृत्ती आली. तिच्यानंतर विजेवर चालणारी आली, तिला दारू लागत नाही, चार्जर लागतो. मी आणि हलक्या धातूचा माझा धाकटा भाऊ, दोघंही अर्धस्वयंचलित. म्हणजे एक बार उडाला की पुढचं काडतूस आम्ही स्वतःच चढवतो. उरलेलं अर्धं काम माणसाचं, चाप ओढणं आणि तेल देणं. चाप सगळेच आवडीने ओढतात.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. खेळाचे शिक्षक अब्रार सर मला मऊ फडक्यात गुंडाळून मैदानावर आणायचे. माझ्या पहिल्या बाराला शेजारी चरणाऱ्या बकऱ्या बिथरल्या. त्या शर्यतीत एक बकरी पहिली आली आणि तिच्यामागे धावणारा तिचा मालक दुसरा. मुलांचा नंबर त्यानंतर.

पुढे माझी नवलाई ओसरली. खिचडीवर टपलेली माकडं हाकलायला मला वापरू लागले. शिपाई धनसिंगकाका मला खडूच्या खोक्यात ठेवायचे. एकदा तपासणीला साहेब आले, तेव्हा काकांनी घाईघाईत चहाच्या ट्रेमध्ये बिस्किटांऐवजी मलाच नेलं. ती तपासणी फार लवकर आटोपली आणि शाळेला उत्तम शेरा मिळाला. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. तेल मात्र कोणी दिलं नाही.

आता गंमत बघा. सरांच्या धाकट्या भावाचं, अफरोजचं, घाटंजीत मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. तिथे जमीनसुद्धा तेल प्यायलेली असते.

“भाईजान, आना न त्याले माह्याकडं,” अफरोज म्हणायचा. “एक थेंब टाकतो, लोन्यावानी चालंल.”

“उद्या आनतो,” सर म्हणायचे. सर शब्दाचे पक्के होते. दर वेळी उद्याच म्हणायचे.

मग खडूची भुकटी माझ्या पोटात बसली. चाप ओढला की माझा घोडा सरळ पडेना. मध्येच अडायचा, ‘कट्’ असा बारीक आवाज करायचा आणि मग पडायचा. कट्... ठाण्! या दोन आवाजांच्या मध्ये एक चिमुकली फट तयार झाली. ती कोणाच्याच ध्यानात आली नाही. सरांच्या कानात कापूस असायचा आणि बाकीच्यांचे डोळे धुराकडे असायचे.

त्या फटीत एक मुलगी राहायला आली. तिचं नाव सोनू.

सोनू तांड्यावरची. तिचे कान ससाण्यासारखे म्हणणार होतो, पण ससाण्याचे कान मी पाहिलेले नाहीत. ती कट् ऐकून सुटायची. ठाण् होईपर्यंत तिचं पहिलं पाऊल पडलेलं असायचं. सर थक्क व्हायचे. “पोट्टी हाय का बिजली?” असं सगळ्यांना विचारत फिरायचे. आणि दर शनिवारी मला घेऊन तिच्याकडून सराव करून घ्यायचे.

जिल्ह्याच्या स्पर्धेत शंभर मीटरला पहिल्या दोघींना खेळाच्या वसतिगृहात जागा मिळणार होती. वयाच्या अटीमुळे सोनूला ते एकच वर्ष होतं. निघताना ती आईला म्हणाली, “याडी, मी आता तिकडंच राह्यते पाय.” आणि चादरीची घडी पिशवीत भरूनच आली.

यवतमाळच्या मैदानावर मंडपात आम्ही तिघं एका टेबलावर मांडले गेलो. लोखंडी मी, हलका धाकटा भाऊ आणि चार्जरवाली. चेहरा तिघांचा एकच. शर्यत सोडणाऱ्या रुबीना मॅडमनी आधी विजेचं पिस्तूल उचललं. ते ज्या बोर्डाला लावलं होतं, तिथे वीजच नव्हती.

“मॅडम, आमचंच घ्या न,” सर म्हणाले. “आमच्या लेकराले याच्या आवाजाची सवय हाय.”

मॅडमनी मला हातात तोललं आणि चाप ओढला. कट्. पुढे काहीच नाही. पुन्हा ओढला. कट्.

“सर, हे पिस्तूल आहे का अडकित्ता?”

मंडपात हशा पिकला. मॅडमनी धाकट्याला उचललं. त्याच्या अंगावर तेल चमकत होतं. मी त्याचा हेवा केला नाही असं म्हणालो, तर ते खोटं ठरेल.

टेबलावरून मला सगळं दिसत होतं. मुली ओणव्या झाल्या. ठाण्! सगळ्या सुटल्या.

सोनू तिथेच ओणवी होती. ती कट्ची वाट बघत होती.

मग तिला उमगलं आणि ती जी सुटली, तशी मी तिला कधीच पळताना पाहिली नव्हती. एकेकीला मागे टाकत गेली. दुसरीच्या खांद्याला खांदा लागला आणि दोरी आली. सोनू तिसरी.

“काहून थांबली व बाई?” सर धावत गेले.

“सर, त्यानं कट् नाई केलं.”

“कायचं कट्?”

“आपलं करते न, ठाण्च्या आंधी. मले वाटे, सगळ्यायले ऐकू येते.”

सरांनी कानातला कापूस काढला. टेबलापाशी येऊन माझ्यातली काडतुसं काढली, मला कानाशी धरलं आणि हळूच चाप ओढला. कट्. सोनू पिशवीतली चादर दाबत म्हणाली, “याडीले काय सांगू आता?”

परतताना सर घरी न जाता थेट गॅरेजवर गेले. अफरोजने मला उघडलं, खडू झाडला आणि एक थेंब टाकला. चिडवायची इतकी चांगली संधी त्याने पहिल्यांदाच सोडली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादी वस्तू वेगळा आवाज करू लागली, तर त्या आवाजाची सवय लावून घेऊ नका. ती काहीतरी मागत असते, आणि बहुधा फार थोडं मागत असते.

आता तेलाची बाटली सोनूकडे असते. शनिवारी लहान मुलांच्या शर्यती तीच सोडते. आधी मला रिकामंच कानाशी धरून चाप ओढते. जराशी करकर जाणवली तरी म्हणते, “थांबा रे पोट्टेहो, हे बोलून राह्यलं,” आणि बाटलीचं बूच काढते. मुलं कुरकुरतात. ती ऐकत नाही.

मग काडतूस भरते, हात उंच करते. ठाण्! मुलं सुटतात. आणि सोनूचा उजवा पाय जागच्या जागी उचलला जातो. अजूनही, जरासा उशिरा.