मी रिकामा नव्हतो

मी एक जुना, दोन डोळ्यांचा कॅमेरा आहे. मित्रांनो, या काचेच्या कपाटाशी उभं राहून तुम्ही ‘केवढा गोड डबा!’ म्हणता, माझ्याबरोबर आपापल्या फोनमध्ये फोटो काढून घेता, ते सगळं मला दिसतं आणि ऐकूही येतं. माझ्या वरच्या भिंतीवर एका बाईंचा मोठा फोटो टांगला आहे. त्याखालच्या पितळी पट्टीवर लिहिलं आहे, की हा गाजलेला फोटो याच कॅमेऱ्यानं काढला. पट्टी खोटं बोलत नाही. पण ती जे बोलत नाही, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक बाकावर झाला. एकानं माझी भिंगं बसवली, दुसरीनं अंगावर काळं चामडं चिकटवलं, तिसऱ्यानं कानाशी धरून खटका वाजवून पाहिला आणि मान डोलावली. माझा वरचा डोळा बघण्यासाठी, खालचा फोटो काढण्यासाठी. माझ्या डोक्यावरचं झाकण उघडलं की आतल्या काचेवर समोरचं जग उमटतं. म्हणून मला पोटाशी धरावं लागतं आणि मान खाली घालून माझ्यात बघावं लागतं. इतर कॅमेरे माणसावर बंदुकीसारखे रोखतात. माझ्याकडून फोटो काढायचा तर काढणाऱ्यालाच आधी मान झुकवावी लागते. याचा मला भारी तोरा होता. आता तो उरलेला नाही.

मी ज्याच्या हाती पडलो त्याला सगळे ‘फोटोवाले’ म्हणत. त्याचा स्टुडिओ म्हणजे एक अरुंद खोली, एका बाजूला मोठी खिडकी, एक फिरतं स्टूल आणि मागे राखाडी पडदा. पडद्याआड शिवणयंत्र होतं, आणि त्या यंत्रावर त्याची थोरली बहीण बसायची. तिला सगळे ताई म्हणत. ती त्याला छोट्या म्हणायची, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. तो चिडायचा, आणि मग ती मुद्दाम अजून मोठ्यानं म्हणायची.

ताई नसती तर तो स्टुडिओ एक दिवस चालला नसता. फोटोसाठी लोकांना अंगावर घालायला तिनं एक कोट शिवून ठेवला होता. येणारा जाडा असो की काटकुळा, कोट एकच. ती मागे जाऊन टाचण्या आणि चिमटे लावून तो असा आवळायची, की पुढून माणूस राजा आणि पाठीमागून वाळत घातलेले कपडे! एखादा बुजरा माणूस स्टुलावर ताठ झाला की ती कॉलर नीट करायच्या निमित्तानं त्याच्या घरची चौकशी करायची. माणूस सैल पडला की हळूच बाजूला व्हायची. तेवढ्यात माझा खटका वाजायचा. शाबासकी फोटोवाल्याला मिळायची.

लहानपणी एका तापानंतर ताईच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. ती हसली की एक बाजू हसायची, दुसरी नुसती ऐकून घ्यायची. कामाच्या वेळी ती कायम ओठांत टाचण्या धरून असे. टाचण्या असल्या की कुणी बोलायला लावत नाही, हसायला लावत नाही. स्टुडिओ उघडला त्याच दिवशी तिनं भावाला बजावलं होतं, “तुझ्या दुकानात मी पडेल ते काम करीन. पण माझा फोटो काढायचा नाही.”

“तुझी शपथ, ताई,” तो म्हणाला होता. मी तिथेच तिपाईवर होतो.

सकाळी स्टुडिओ आणि दुपार उतरली की रस्ता, असा आमचा क्रम होता. रस्त्यावर तो माणसांच्या मागे धावायचा नाही. आधी उजेड शोधायचा. भिंतीवर तिरकं ऊन पडलेला एखादा कोपरा निवडायचा आणि मला पोटाशी धरून थांबायचा. “उजेडाची जागा धरली की माणूस आपोआप येतो,” असं त्याचं म्हणणं. आणि माणूस यायचाच. ओझं उतरवून मान पुसणारा हमाल, एकाच कागदातलं खाणारं म्हातारं जोडपं, आरशाशिवाय दाढी करणारा चौकीदार. फोटोवाला मला जरासा उचलून भुवया वर करायचा. म्हणजे, काढू का? समोरच्यानं मान हलवली तर मी माझं काम करायचो. त्यानं तळहात हलवून नको म्हटलं, तर तो मला लगेच खाली घ्यायचा. हातातोंडाशी आलेले किती फोटो असे गेले! त्याला हळहळ वाटायची, पण तो म्हणायचा, “त्याचा चेहरा, त्याची मर्जी.” मित्रांनो, हे ऐकून मला वाटायचं, काय देवमाणसाच्या हाती पडलोय मी.

पण मनातून तो खंतावत होता. प्रदर्शनांत त्याचे फोटो लागायचे आणि बक्षीस दुसऱ्यालाच मिळायचं. बरोबरीचे फोटोवाले चिडवायचे, “तुझी माणसं फार शहाण्यासारखी बसतात बुवा.” एक चेहरा हवा होता त्याला. असा, की बघणाऱ्याचा पाय निघू नये. त्या चेहऱ्यासाठी तो गल्ल्या, बाजार, स्थानकं पालथी घालत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते असं.

कारण रोज सकाळी, गिऱ्हाइकं यायच्या आधी, तो चेहरा माझ्यासमोरच येऊन बसायचा. खिडकीचा उजेड नेमका कसा पडतोय हे बघायला समोर कुणीतरी बसावं लागतं. ताई बसायची. तेव्हा माझ्यात फिल्मचा रोल नसायचा. खटका अडत नाही ना, हे बघायला तो मला रिकामाच वाजवायचा. ताईला ते ठाऊक होतं. म्हणून त्या स्टुलावर बसताना ती ओठांतल्या टाचण्या काढून ठेवायची. साऱ्या दिवसात तेवढाच वेळ.

“हनुवटी खाली घे गं,” तो म्हणायचा. “खाली म्हटलं. छातीत खुपसायला नाही सांगितलं.”

“तुझं शेंबडं नाक पुसलंय मी. मला हनुवटी शिकवतोय! लवकर उरक, माझी शिवण पडलीय.”

मग ती बडबडायची, नकला करायची, मोकळी हसायची. माझ्या काचेवर तिचा तो चेहरा उमटायचा आणि मला जपून ठेवता यायचा नाही. मला त्याचं वाईट वाटत नसे. काही चेहरे जपायचे नसतात, नुसते बघायचे असतात, असं मी समजत होतो. तो तसं समजत नव्हता.

एके सकाळी ताई पडद्याबाहेर यायच्या आधीच त्यानं माझ्या पोटात रोल भरला. मला वाटलं, आज गिऱ्हाईक लवकर येणार असेल. तेवढ्यात ताई आली, टाचण्या काढल्या आणि बसली. आदल्या दिवशीच्या एका लठ्ठ गृहस्थांची गोष्ट ती सांगू लागली. ऐन फोटोच्या वेळी त्यांना शिंक आली आणि पाठीवरचे चिमटे फटाफट उडून पडद्यावर आपटले. “अरे, ते मागे वळून म्हणतात कसे, कोण आहे तिकडे?” एवढं सांगून तिलाच हसू आवरेना. अर्धा चेहरा फुलला, अर्धा शांत राहिला, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं.

त्यानं मान झुकवली. माझा खटका वाजला.

माझ्या आत उजेड शिरला तेव्हा मला कळलं. मला ओरडायचं होतं, की ताई, ऊठ, मी रिकामा नाही! पण कॅमेऱ्याला तोंड नसतं, आणि माझा मालक नेमका त्यावरच विसंबून होता. तिचा माझ्यावर जेवढा विश्वास होता, तेवढा सगळा त्यानं त्या एका खटक्यात वापरून टाकला. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि तो केस मी होतो.

“नीट चाललाय ना रे खटका?” ताईनं डोळे पुसत विचारलं.

“अगदी नीट,” तो म्हणाला.

फोटो त्यानं प्रदर्शनाला पाठवला. प्रदर्शन दूरच्या गावात होतं, ताईला कशाला कळतंय, असा त्याचा हिशोब. पण फोटोला पहिलं बक्षीस मिळालं, आणि तेच प्रदर्शन पुढे आमच्या गावात आलं. आयोजकांनी त्या फोटोची मोठमोठी पोस्टरं छापली आणि भिंतीभिंतींवर लावली.

त्या दुपारी आम्ही नेहमीसारखे हिंडायला निघालो होतो. बटणांच्या दुकानाच्या वळणावर तो एकदम थांबला. समोरच्या भिंतीवर पोस्टर होतं आणि पोस्टरसमोर ताई. हातात दोऱ्याची रिळं. शेजारी दोन शाळकरी मुली पोस्टर बघून बोटानं आपापल्या ओठांचा कोपरा खाली ओढत होत्या आणि एकमेकींना दाखवून खिदळत होत्या. ताईला त्यांनी पाहिलं नव्हतं. तिनं आपला हात तोंडावर धरला होता.

भिंतीवर तिरकं ऊन होतं. उजेड फार सुरेख होता. आणि मित्रांनो, मी खोटं सांगत नाही, त्याचा हात माझ्याकडे आला. त्यानं माझं झाकण उघडलं. मान झुकवली.

तेवढ्यात ताई वळली. तिनं आम्हाला पाहिलं. रस्त्यावरची अनोळखी माणसं हलवतात, तसा तिनं तळहात हलवला. नको.

त्यानं मला खाली घेतलं. कुणाही परक्यासाठी घेतो तसंच.

“ताई, मी सांगणारच होतो तुला,” तो तिच्याजवळ जाऊन म्हणाला. “पहिलं बक्षीस आहे. लोक काय काय म्हणताहेत तुला माहीत नाही...”

“सुंदर आलाय,” ती म्हणाली. “मी अशी दिसते, हे मला ठाऊकच नव्हतं.”

त्याचा जीव भांड्यात पडला. “मग?”

“मग विचारलं का नाहीस?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणाले असते. रस्त्यावरचे नाही म्हणतात, त्यांचं ऐकतोस ना? मी घरची, म्हणून माझं ऐकायचं नाही?” तिचा आवाज चढला नव्हता. “ही पोस्टरं काढायला सांग, छोट्या. आजच.”

त्यानं पोस्टरकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, “गावभर लागलीत गं. आणि उद्या तर समारंभ आहे. थोडेच दिवस कळ काढ ना.”

ताईनं रिळं पिशवीत टाकली आणि ती निघून गेली. समारंभात त्यानं हार घालून घेतला, भाषण केलं, विश्वास हाच फोटोचा आत्मा असंही म्हणाला. टाळ्या पडल्या. मी त्याच्या गळ्यात होतो. स्टुडिओत परत आलो तर पडद्यामागची जागा मोकळी होती. यंत्र नव्हतं, कोट मात्र खुंटीला टांगलेला होता. ताईनं दोन गल्ल्या पलीकडे स्वतःचं शिवणकाम मांडलं होतं. कुंपणानंच शेत खाल्लं, तर शेतानं जायचं तरी कुठे? पण ती गेली.

पुढे त्याचं नाव झालं. नवे कॅमेरे आले, स्टुडिओ मोठा झाला, आणि माझी रवानगी या कपाटात, त्याच फोटोखाली झाली. येणारे म्हणतात, “काय नजर आहे!” नजर माझी होती. दगा त्याचा होता. बक्षीस म्हणून मला दग्याखालीच मांडून ठेवलं आहे.

एकदाच मला बाहेर काढलं. कुठल्याशा ओळखपत्रासाठी फोटो हवा होता म्हणून ताई आली. केस पिकले होते. बाकीची दुकानं त्या दिवशी बंद होती, असं तिनं आल्या आल्या सांगितलं. नवे कॅमेरे सोडून फोटोवाल्यानं मला कपाटातून काढलं, पुसलं, तिच्यासमोर माझ्यात रोल भरला. ती स्टुलावर बसली. पाठ ताठ, ओठ मिटलेले, दोन्ही बाजू सारख्याच बंद.

“ताई, काहीतरी बोल ना,” तो म्हणाला.

“काय बोलू, साहेब? किती वेळ लागेल?”

त्यानं मान झुकवली. बराच वेळ माझ्यात बघत राहिला. माझ्या काचेवर पाण्याचा एक थेंब पडला. मग त्यानं मान वर करून विचारलं, “काढू का?”

“काढा ना, साहेब. त्यासाठीच आलेय.”

मी फोटो काढला. ओळखपत्राला अगदी योग्य असा आला.

मित्रांनो, मला जपा, माझ्यावरची धूळ झटका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. धुळीनं माझं फारसं बिघडत नाही. पण तुमच्या खिशातला फोन माझा नातू आहे. त्याच्यात रोल भरावा लागत नाही, आणि खटका मुका केला की तो कधी फोटो घेतो, हे समोरच्याला कळतही नाही. तेव्हा आजी तोंड उघडं टाकून झोपली असेल, बहीण रडत असेल, मित्र घसरून पडला असेल, तर आधी विचारा. जो नाही म्हणेल असं वाटतं, त्याला तर विचाराच. आणि तो नाही म्हणाला, तर फोन खाली ठेवा. फोटो हुकेल. हुकू द्या. त्या सकाळी माझ्या मालकाचा फोटो हुकला नाही. त्याला छोट्या म्हणणारं मात्र आता कुणी राहिलेलं नाही.