नावाचा रकाना

"नाव न्हवतंच. मग सांगू काय?" धोंडुबाई म्हणाली.

लोकल बोर्डाचे कारकून श्रेणिक चौगुले यांनी टाक उचलून धरला. एकाच गावात खालच्या आळीतली पोरं जास्त का मरतात, असा प्रश्न १९४६ साली बोर्डाला पडला होता. त्यासाठी घरोघर छापील तक्ते भरायचे होते. जिथं मरणं जास्त, तिथं बोर्ड नर्स देणार होतं. तक्त्याखाली सूचना होती : नाव नसलेली नोंद धरू नये.

परिणामी आठवडाभरात वरच्या आळीत पाच पोरं गेलेली आढळली, खालच्या आळीत एकही नाही. खालची पोरं बारशापर्यंत पोचतच नसत. कागदावर आळी ठणठणीत होती.

"तीन गेली म्हणालात ना?"

"व्हय. थोरला तेवढा जगला. बाकी बाराव्या दिसापातूर एक बी टिकलं न्हाई."

"मग आता ठेवा नावं. मी लिहितो."

"आवं सायेब, आई नाव ठिवती व्हय कुटं? त्ये आत्याचं काम."

"नावं नसली तर नर्स वरच्या आळीला जाईल, बाई."

धोंडुबाईनं आत पाहिलं. सून भिंतीला टेकून बसली होती. आठवा महिना. मग तिनं शेजारी राहणाऱ्या नणंदेला हाक मारली. "वन्सं, जरा या हिकडं. बारसं हाय."

मनुबाई पिठाच्या हातानंच आली. "कुणाचं गं?"

"माज्या तिगांचं."

सगळं ऐकून घेतल्यावर मनुबाई पुटपुटली, "पाळणा न्हाई, घुगऱ्या न्हाईत." तिनं डोक्यावर पदर घेतला, कानाशी वाकावं तशी तक्त्यावर वाकली आणि हळूच कुर्र केलं. धुळा. ज्ञानू. राही. चौगुल्यांना दोनदा विचारावं लागलं.

"तुमास्नी किती, सायेब?" पदर सावरत तिनं विचारलं.

"एक झाली होती. आईबरोबरच गेली."

"नाव?"

"मला बहीण नाही," चौगुले म्हणाले आणि शाई वाळायची वाट पाहत बसले.

दोन दिवसांत आळीतल्या सगळ्या आत्या वाकून गेल्या.

चौगुले वरच्या आळीत एका खोलीत राहत. त्यांचाही तक्ता भरणं नियमानं भाग होतं. तो त्यांनी शेवटी भरला.

महिन्याभरानं खालच्या आळीला नर्स मंजूर झाली. तक्ते सगळे मान्य. एक तेवढा परत आला. त्यात मयत पत्नी म्हणून गुणमालेचं नाव होतं, त्याखाली 'मुलगी, एक दिवस', आणि पुढं रिकामा रकाना. त्यावर तांबड्या शाईत शेरा होता : नाव नाही, सबब वगळली.

चौगुल्यांनी तक्त्याची घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. फायलीला तो लागणार नव्हता.