मी कोणालाच निवडलं नाही

मित्रांनो, मी एक जुनी बनावट पक्षीण आहे. अंगावर खरी पिसं, आत लाकूड आणि पोटात छोटी मोटार. सध्या माझा मुक्काम संशोधन केंद्रातल्या कपाटात, एका फुटक्या दुर्बिणीशेजारी आहे. माझी गोष्ट सांगते खरी, पण आधीच सांगून ठेवते, मला स्वतःलाच ती अजून नीट कळलेली नाही.

मला घडवलं मामांनी. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या ताईचे ते मामा. त्यांची हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली होती. त्यांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या, मान वळवणं आणि जागच्या जागी खाली बसून उभं राहणं. बटणं ताईच्या हातात. मामा मला टेबलावर फिरवून फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "खरीला लाजवेल गं ही." मी आपली फुशारून जायचे.

दलदलीच्या कडेला एका मोकळ्या जागी थंडी सरताच आमचे पक्षी जमायचे. नरांच्या गळ्याभोवती पिसांची भलीमोठी झालर. प्रत्येकाने पाटाएवढी जागा धरलेली, आणि तिथे तो झालर फुलवून नाचायचा. माद्या हिंडून सगळे बघायच्या आणि एखाद्यासमोर खाली बसायच्या. बसली म्हणजे पसंत. नर ना घरटं बांधतो, ना पिलांना भरवतो, नाचला की त्याचं काम संपलं. आता नुसत्या झालरीवरून एवढा मोठा निर्णय कसा घेतात, मला तर बाई उलगडा होत नाही. ताईला वाटायचं, माद्या झालर बघतातच, पण एकमेकींकडेही बघतात. एकीला आवडला की दुसरीलाही तोच बरा वाटतो. हे पडताळून पाहायला मी होते.

ताईने मला मुद्दाम सगळ्यात गबाळ्या नरासमोर ठेवलं. अर्धी झालर गळालेली, एक पाय अधू. मामांनी त्याचं नाव ठेवलं फाटक्या. तीन वर्षं तो येत होता आणि तीन वर्षं एकही मादी त्याच्याकडे वळली नव्हती. "हा काही पुढच्या वर्षी दिसायचा नाही," ताई म्हणाली. म्हणजे त्याच्यासाठी हेच दिवस उरले होते.

ताई आणि मामा गवताच्या आडोशात बसले. बटण दाबलं गेलं आणि मी खाली बसले. फाटक्या आधी दचकलाच. मग असा नाचला, असा नाचला, की अधू पाय कुठला हे कळेना. थोड्या वेळाने खरंच एक मादी आली, मागून दुसरी आली. त्या माझ्याकडे बघत होत्या, मग त्याच्याकडे. मला कसनुसं झालं. मी त्याला निवडलंच नव्हतं, ताईच्या बोटाने निवडलं होतं. पण फाटक्याला ते कोण सांगणार?

आता बटण दाबून मला उभं करायचं, म्हणजे फाटक्याचं लक्ष त्या दोघींकडे वळेल, असं ठरलं होतं. पण मी उठलेच नाही. दलदलीची ओल मोटारीत शिरली होती. मी बसले ती बसलेच. आणि फाटक्या त्या दोघींकडे पाठ करून माझ्याचसमोर नाचत राहिला.

"अगं, काढ तिला तिथून. नाहीतर त्या दोघी निघून जातील," मामा कुजबुजले.

"मी बाहेर पडले तर सगळेच उडतील मामा. महिन्याभराचं काम वाया जाईल."

"आणि त्याचं?"

ताई पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिली. माझ्याशेजारी एक साधीसुधी पक्षीण येऊन उभी होती. मला वाटलं, चला, सोबत झाली. कसली सोबत! तो बिनझालरीचा नर निघाला, आमच्या पक्ष्यांत काही नर मादीसारखेच दिसतात. फाटक्याने त्याला हुसकलंही नाही. त्या दोघी फाटक्याकडे आल्या होत्या, पण त्यांच्याशी जोडी जमवली ती या लबाडाने. कोण नर, कोण मादी, कोण कोणाला निवडतंय, माझं डोकं पार भंजाळून गेलं.

शेवटी ताई उठली. सगळे पक्षी उडाले, एकटा फाटक्या उडाला नाही. धापा टाकत तो माझ्यासमोरच बसून राहिला. ताईने मला उचललं तेव्हा तो दोन पावलं मागे मागे आला. पुढच्या थंडीनंतर त्याची जागा रिकामी होती.

माझं मात्र कौतुक झालं. ताईचं म्हणणं खरं ठरलं, माझा फोटो छापून आला, पाहुणे मला हातात घेऊन बघायचे. मग नवी, वॉटरप्रूफ पक्षीण आली आणि मी कपाटात गेले. मामा कधीतरी येऊन माझ्यावरची धूळ पुसतात आणि मोटारीला हात न लावता परत ठेवतात.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणाची तरी हुबेहूब नक्कल बनवाल. हौसेने बनवा. पण तिच्यासमोर जो उभा राहील तो नक्कल नसेल, हे ध्यानात ठेवा. मला होकार द्यायला शिकवलं होतं. त्याच्यासमोरून उठून जायला कोणी शिकवलंच नाही.