बारशाचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे, असं रायपूरच्या गुढियारीतली मराठी बिऱ्हाडं समजत आली. खरं तर मी अंडं आहे, डायनासोरचं.

आईने आम्हां भावंडांना वाळूत पुरलं होतं. पुढे पुराचा गाळ आला आणि आमचं जन्मायचं राहूनच गेलं. कोट्यवधी वर्षांत गाळाचा खडक झाला, आमचेही दगड झाले. पण आम्ही एकमेकांना चिकटून होतो, तेवढंच सुख.

विदर्भातल्या एका टेकडीवर आम्ही उघडे पडलो होतो; तिथून नरहरीने मला उचललं. रेल्वेत नोकरी लागून तो रायपूरला निघाला होता. नारळाएवढा गोल दगड त्याला आवडला, बस. भावंडं मागे राहिली आणि मी क्वार्टरच्या दाराला टेकण म्हणून बसलो.

नरहरीला मुलगा झाला, तेव्हा माझे दिवस पालटले. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवतात. परगावच्या नव्या संसारात वरवंटा कुठला? नरहरीच्या बायकोने, कुसुमने, मलाच घेतलं. बाळाला टोचू नये म्हणून विटेवर घासघासून गुळगुळीत केलं, कुंची घातली, काजळाची तीट लावली. मित्रांनो, मला पहिल्यांदाच कोणी बाळ मानलं होतं. मी हरखून गेलो.

मग पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, सगळी मराठी घरं मला बारशाला नेऊ लागली. दर वेळी कुसुम मला घासूनच द्यायची. एकदा तरी कोणी मला ओळखावं, असं फार वाटे. पण दगडाला कोण विचारतो?

ओळखलं ते कुसुमच्या नातीने, अनुश्रीने. ती कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकते. भावाच्या बाळाच्या बारशाला तिने मला हातात घेतलं आणि माझा आकार पाहून खाली ठेवलंच नाही.

“आजी, ये पत्थर नहीं है. अंडं आहे, डायनासोरचं. आजोबांनी कुठून आणलं होतं?”

“मले काय माहीत वं. ते असते तर त्यायलेच इचारलं असतं.”

तिने मला कॉलेजात नेलं. तिथल्या सरांनी उलटसुलट पाहिलं. अंडं ओळखायचं ते पातळ कवचावरून, आणि माझं कवच विटेवर झिजून गेलं होतं. जागा ठाऊक असती तर भावंडं तरी सापडली असती.

“गोल पत्थर तो बहुत होते हैं, बेटा,” सर म्हणाले.

घरी अनुश्रीने सगळं सांगितलं. कुसुमने माझ्यावरून हात फिरवला.

“म्हणजे हे लेकरूच होतं काय वं?”

“हव, आजी. जन्मायचं राहून गेलेलं.”

त्या दिवशी कोणाचं बारसं नव्हतं. तरी कुसुमने पेटीतून कुंची काढली, मला घातली आणि मांडीवर घेतलं. “काहून घासलं मी तुले,” असं म्हणत ती मला थोपटत राहिली. मग तिने विचारलं, “अनुश्री, याचं नाव काय ठेवू वं?” अनुश्रीने वाकून माझ्या कुंचीचे बंद बांधले.

मित्रांनो, मला नाव मिळालं नाही तरी चालेल. पण असा गोल दगड कुठे दिसला, तर उचलू नका, घासू नका; जाणत्या माणसाला ती जागा दाखवा. माझी भावंडं तिथे अजून एकमेकांना चिकटून असतील.